घरचा साबण आणि तोललेला खार

(राजापेठ, अमरावती येथें शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या मेळाव्यांत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



राजापेठेच्या चौकांतून इकडे येतांना आम्ही एका किराणा दुकानापुढें उभे राहिलों आणि साबणाचे प्रकार मोजूं लागलों. अंगाचा, तोंडाचा, कपड्यांचा, भांड्यांचा, लहान मुलांचा असे एकोणीस भरले. दुकानदारास वाटलें, मास्तर मोठें गिऱ्हाईक दिसतें. आम्ही एकही वडी न घेतां पुढें निघालों तेव्हां त्यानें आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती सांगण्यासारखी नाहीं.

आज आम्ही तुम्हांस घरीं साबण करण्याची रीत सांगावयास उभे आहों. रीत अवघड नाहीं. ज्या बाईच्या हातची कढी फुटत नाहीं तिच्या हातचा साबण बिघडण्याचें कारण नाहीं. फरक एवढाच कीं कढींत मीठ अंदाजानें पडलें तरी चालतें, साबणांत खार अंदाजानें पडून चालत नाहीं. एवढी एक गोष्ट शिकावयास आम्हांस फार वेळ लागला, आणि तिची किंमत आम्हीं दिली नाहीं. आमच्या आईनें दिली. म्हणून रीत सांगण्याआधीं आमची चूक सांगतों.

आमचें गांव दर्यापूर तालुक्यांत, खारपाणपट्ट्यांत. बारा वर्षांमागें उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं मनांत घेतलें कीं मुलांस साबण करून दाखवूं. ट्रेनिंग कॉलेजांत शिकलेलें रसायन डोक्यांत होतें : तेल आणि कॉस्टिक सोडा मिळून साबण होतो. किती तेलास किती सोडा, हें कांहीं डोक्यांत नव्हतें. आणि मास्तराच्या जातीस एक खोड असते, आठवत नसलें तरी विचारावयाचें नाहीं! आम्हीं घरांतलें तेल घेतलें, मुठीच्या अंदाजानें सोडा घेतला, आणि वड्या पाडल्या. वड्या काय सुरेख उतरल्या! पांढऱ्याशुभ्र, खडूसारख्या टणक. शेजारीपाजारीं दाखविल्या. त्या टणकपणाचा आम्हांस अभिमान वाटला. तो जास्तीच्या खाराचा टणकपणा आहे हें कळावयास पुढें दोन आठवडे गेले.

आमच्या आईनें त्या वडीनें घरचें धुणें सुरू केलें. एके सकाळीं ती भाकरी थापावयास बसली. पीठ मळतांना तिनें हात एकदम मागें घेतला. आम्हीं हात पाहिले. बोटांच्या पेरांस भेगा पडल्या होत्या, तळव्याची कातडी सोलली होती. रात्रीं ती त्यावर तिळाचें तेल चोळून निजत असे आणि सकाळीं पुन्हां तीच वडी घेत असे. आम्हीं विचारलें, "तूं बोलली कां नाहींस?" ती म्हणाली, "तुह्या हातचा साबन आहे, फेकू कसा?"

मायबाप हो, त्या एका वाक्यानें आमचें सारें रसायन उतरलें. राहिलेल्या वड्या आम्हीं गोळा केल्या. शेजारीं दिलेली एक वडी होती तीही मागून आणली. त्यांतली एक अजून शाळेच्या कपाटांत ठेवली आहे. दर वर्षीं सातवीच्या मुलांस ती दाखवतों आणि कोणी केली तेंही सांगतों.

आतां साबण म्हणजे काय तें पाहूं. तेल आणि पाणी एकमेकांस धरत नाहींत हें सर्वांस ठाऊक आहे. मळ बहुधा तेलकट असतो, म्हणून नुसत्या पाण्यानें निघत नाहीं. तेलास तीव्र खाराशीं मिसळून घोटलें असतां तेल फुटतें आणि त्याचे दोन पदार्थ होतात : एक साबण, दुसरें ग्लिसरीन. फ्रान्समधील शेव्रल या रसायनज्ञानें १८२३ सालीं ग्रंथ लिहून तेलातुपाची ही घडण जगास उलगडून दाखविली. साबणाच्या कणाचें एक टोंक पाण्याशीं सलगी करतें आणि दुसरें तेलाशीं. मधला हा दलाल मळास तेथून उठवून पाण्याबरोबर पाठवून देतो. (दलाल म्हटल्यावर तुमच्या कपाळास आठी पडली; पण हा दलाल प्रामाणिक आहे.) २०२० सालीं करोनाची सांथ आली तेव्हां वीस सेकंद साबणानें हात धुवा असें जें सांगितलें गेलें, त्याचें कारणही हेंच : त्या विषाणूवर चरबीचें पातळ वेष्टण असतें आणि साबण तें फोडतो. हातावर अत्तर आहे कीं नाहीं याच्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

तेव्हां साबणास दोनच वस्तु लागतात, तेल आणि खार. तेल आपल्या वऱ्हाडांत किती आहे हें तुम्हांस आम्हीं काय सांगावें? कापसाच्या बोंडांतून रुई गेली कीं मागें सरकी राहते. जवस आहे, एरंडी आहे, बांधावर निंब आणि करंज आहे, मेळघाटांत मोह आहे. मोहाचें फूल सर्वांस माहीत, कां तें आम्ही येथें बोलत नाहीं. पण मोहाच्या बीचें तेल थंडींत तुपासारखें थिजतें, आणि जें तेल थिजतें त्याचा साबण टणक होतो. पाहिजे तर खूण म्हणून लक्षांत ठेवा. जवसाचें तेल कधीं थिजत नाहीं, त्याचा साबण मऊ पडतो व लवकर खंवट होतो.

खाराची गोष्ट अधिक मजेची आहे. जुन्या काळीं खार म्हणजे राख. पऱ्हाटीची, केळीच्या खुंटाची, आघाड्याची राख मडक्यांत भरून वरून पाणी सोडलें म्हणजे खालून जी निवळी गळे, त्यांत राखेंतला खार उतरलेला असे. तिच्यांत चुना घातला कीं ती तिखट होते, आणि अशी निवळी तेलाबरोबर कढविली तर साबण तयार होतो. पण राखेचा हा साबण लोण्यासारखा मऊच राहतो, कारण राखेंत पोटॅशचा खार असतो. वडी होण्यास सोड्याचा खार लागतो.

सोड्याचा खार आपल्या दारांतच होता. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. आकाशांतून पडलेल्या उल्केच्या तडाख्यानें झालेला तो खड्डा आहे आणि त्याचें पाणी इतकें खारें व सोडायुक्त आहे कीं साधा मासा त्यांत जगत नाहीं. अकबराचा मंत्री अबुल फजल यानें ऐन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना लिहून ठेवलें आहे कीं लोणारच्या परिसरांत काच व साबण करण्याचें साहित्य मिळतें. म्हणजे सोळाव्या शतकाअखेर दिल्लीआग्र्याच्या दरबारांत वऱ्हाडचा साबणाचा माल ठाऊक होता! पुढें इंग्रजी अमलांतही तळ्याच्या कांठचा खार गोळा करून विकला जात असे. आज तेथील खार कोणी आणूं नये. तें सरोवर आतां संरक्षित अभयारण्य आहे, आणि २०२० सालीं त्यास रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादींतही स्थान मिळालें. त्याच वर्षीं जून महिन्यांत त्याचें पाणी गुलाबी झालें आणि सारा महाराष्ट्र तें पाहूं लागला. पाण्यांतील मिठावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता.

मग हा धंदा गेला कोठें? युरोपांत मिठापासून सोडा करण्याची युक्ति निघाली. ती १७९१ सालीं काढणारा लेब्लांक हा फ्रेंच गृहस्थ स्वतः कंगाल झाला व १८०६ सालीं त्यानें आत्महत्या केली. त्याच्या युक्तीवर गबर झाले ते दुसरेच. स्वस्त सोड्यावर तेथें साबणाचे मोठमोठे कारखाने उभे राहिले, आणि १८८८ सालीं लिव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. आमच्याकडील सरकी आगगाडीनें बाहेर जावी आणि साबण आगगाडीनें आंत यावा, असा व्यवहार मग पिढ्यान् पिढ्या चालला. वर्ध्यास मगनवाडींत १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला व कुमारप्पांनीं तो चालविला. गांधीजींनीं १९४१ सालच्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेंत घाणी, हातकागद, चामडें कमावणें यांच्या रांगेंत साबण करणेंही घातलें. खादी ग्रामोद्योग आयोगानेंही अखाद्य तेल आणि साबण हा उद्योग पुढें चालविला. हें सर्व झालें. पण घराघरांत ती विद्या पोंचली नाहीं, आणि आमच्यासारखा शिकलेला मास्तर मुठीनें कॉस्टिक सोडा घालूं लागला!

आईच्या हातांस आराम पडल्यावर आम्हीं ठरविलें कीं आतां पुस्तकास नव्हे, माणसांस विचारूं. प्रथम तेल्याच्या घरीं गेलों. ते म्हणाले, मास्तर, सगळीं तेलें सारखीं नसतात. खोबरेलाचा फेस मोठा पण अंग कोरडें पाडतो, एरंडीचा फेस बारीक पण टिकतो. नंतर वरठ्याच्या घरीं गेलों. आपल्याकडे परटास वरठी म्हणतात. ज्यांचा जन्म १८७६ सालीं याच जिल्ह्यांतील शेणगांवीं परटाच्या घरीं झाला त्या गाडगेबाबांपुढें आपण सारे हात जोडतों. पण कपड्याची आणि पाण्याची जी पारख त्या घरांत पिढीजात आहे ती विचारावयास कोणी जात नाहीं. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनीं आमची पांढरीशुभ्र वडी हातांत घेतली, ओलें बोट तिच्यावर फिरवून जिभेच्या टोंकास लावलें, आणि थुंकून टाकलें. "हे त चुन्यावानी चावते, मास्तर." मग म्हणाल्या, "अन् साबन तेलाचा नसते, पान्याचा असते." या दुसऱ्या वाक्याचा अर्थ आम्हांस उशिरां कळला, तो पुढें सांगतों.

शेवटीं सोनाराच्या दुकानीं गेलों आणि ग्रॅम दाखविणारा तराजू मागितला. त्यांस हंसूं आलें. सोनें तोलावयाच्या तराजूवर साबणाचा सोडा! पण त्यांनीं तो दिला. तेथें आमचा साबण सुधारला.

कारण असें : प्रत्येक तेलाची खाराची भूक ठरलेली असते. शंभर ग्रॅम खोबरेल अठरा ग्रॅमांहून किंचित अधिक कॉस्टिक सोडा खातें. सरकीचें शंभर ग्रॅम तेल चौदा ग्रॅमांच्या आंतबाहेर खातें, मोहाचें साडेतेरा, एरंडीचें पावणेतेरा. भुकेपेक्षां अधिक वाढलें तर उरलेला खार वडींत जिवंत राहतो आणि हात खातो. भुकेपेक्षां थोडें कमी वाढलें तर थोडें तेल तसेंच राहतें, तें कातडीस मऊ ठेवतें. म्हणून शहाणा माणूस साबणास नेहमीं थोडा उपाशी ठेवतो.

आतां आमच्या घरचें प्रमाण लिहून घ्या. ज्यांच्याजवळ कागद नाहीं त्यांनीं मुलाच्या वहीवर लिहावें.

खोबरेल २०० ग्रॅम, मोहाचें तेल १५० ग्रॅम, सरकीचें १०० ग्रॅम, एरंडीचें ५० ग्रॅम; एकूण तेल अर्धा किलो. याची पूर्ण भूक ७७ ग्रॅमांची आहे. आम्ही ७२ ग्रॅमच कॉस्टिक सोडा देतों. पाणी १७० ग्रॅम, तेंही तोलून. मोहाचें तेल न मिळाल्यास त्याऐवजीं सरकीचें घ्या, म्हणजे सरकी २५० ग्रॅम होईल; सोडा ७२ ग्रॅमच. पण सरकी जास्त असलेली वडी लवकर पिवळी व खंवट होते, ती चारसहा महिन्यांत वापरून टाकावी. तेलांत दुसरा कोणताही बदल केला तर सोड्याचा हिशेब पुन्हां केल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नका. कॉस्टिक सोडा शुद्ध हवा. मोऱ्या साफ करावयाच्या पुड्यांत दुसरे पदार्थ मिसळलेले असतात, त्या कामाच्या नाहींत.

इथून पुढें कान देऊन ऐका. कॉस्टिक सोडा हा मिठासारखा दिसणारा विस्तव आहे. साबण करावयाचा तो अंगणांत, वारा पाठीशीं घेऊन. लहान मुलें, कोंबड्या, शेळ्या सर्व दूर. हातांत रबरी मोजे, अंगांत पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा जुनें जाड लुगडें, पायांत वहाण, आणि डोळ्यांवर घासकाम करणारे लोहार लावतात तसा पारदर्शक चष्मा. चष्म्याची लाज वाटूं देऊं नका. डोळा गेला तर चष्म्याचाही उपयोग राहत नाहीं.

भांडें स्टीलचें किंवा जाड प्लॅस्टिकचें घ्यावें. ज्यास आपण जर्मनचें भांडें म्हणतों तें ॲल्युमिनियमचें असतें. सोडा तें खातो आणि त्यांतून पेट घेणारी हवा निघते. आमच्या दुसऱ्या प्रयोगांत एक जर्मनचें पातेलें असेंच फसफसून काळें झालें. तें पातेलें घरांत मागून घेतलेलें नव्हतें, न सांगतां उचललेलें होतें. पुढचें तुम्ही समजून घ्या.

आधीं थंड पाणी भांड्यांत घ्यावें आणि त्यांत सोडा थोडा थोडा सोडीत ढवळावें. उलट कधींही करूं नये. सोड्यावर पाणी ओतलें तर तें उसळून तोंडावर येतें. पाण्यांत सोडा पडतांच पाणी कढत होतें व त्यांतून तिखट वाफ निघते. ती नाकांत घेऊं नये. मग तें भांडें उंच, सुरक्षित जागीं निवूं द्यावें, आणि तेथें एक माणूस बसवावा. तें पाणी दिसावयास विहिरीच्या पाण्यासारखेंच असतें, आणि तहानलेलें पोर विचारीत नाहीं. उरलेला सोडा घट्ट झांकणाच्या डब्यांत, वर खूण करून, कुलपांत ठेवावा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत खाराचें पाणी कदापि भरूं नये.

अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखालीं भरपूर वेळ धुवावें. लिंबू, दही, हळद कांहीं लावीत बसूं नये. डोळ्यांत गेलें तर वीस मिनिटें सतत पाणी सोडीत राहावें आणि तसेंच दवाखान्यांत न्यावें. कोणी गिळलें तर ओकारी काढूं नये. जातांना एकदां जळालें तें येतांना पुन्हां जाळतें. तोंड धुवून ताबडतोब दवाखाना गांठावा.

खाराचें पाणी कोमट झालें, हात भांड्याबाहेरून लावला असतां सोसेल इतकें, कीं तेलेंही तितकींच कोमट करावीं आणि खाराचें पाणी बारीक धारेनें तेलांत सोडावें. लाकडी चाटूनें एकसारखें ढवळावें. अर्धा तास, कधीं एक तास लागतो. आमच्या घरीं तिघें आळीपाळीनें ढवळतों. हळूहळू तें पिठल्यासारखें दाटतें, आणि चाटू उचलून धार वर सोडली तर तिची रेघ क्षणभर वर उमटून राहते. रेघ राहिली कीं थांबावें. सुतारानें करून दिलेला एक लांबट खोका आमच्याजवळ आहे, त्यांत प्लॅस्टिकचा कागद पसरून तें ओततों व वर गोणपाट पांघरतों. आंत साबण आपल्याच उष्णतेनें रात्रभर शिजतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीं मोजे घालूनच काढावा आणि तारेनें वड्या कापाव्या.

आणि मग? मग वाट पाहावी. हें आमच्या लोकांस सर्वांत कठीण जातें. वड्या सावलींत, वारा खेळेल अशा फळीवर, एकमेकींस न चिकटतां, चार ते सहा आठवडे वाळूं द्याव्या. पाणी उडून वडी घट्ट होते, झिजते कमी आणि हातास सौम्य लागते. आम्ही प्रत्येक वडीवर खिळ्यानें तारीख कोरतों. चार आठवडे झाल्यावर म्हाताऱ्या बाईंची परीक्षा करावी : ओलें बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोंकास निमिषभर लावावें. साबणाची चव लागली तर ठीक. चुन्यासारखें चावलें तर ती वडी कोणाच्याही हातांत देऊं नये. हळदीनें परीक्षा होते असें कोणी सांगेल, तिकडे लक्ष देऊं नका. हळद खाराशीं लाल होते हें खरें, कुंकू करतांना तोच गुण कामास येतो. पण चांगला साबणही हळदीस लालच करतो, मग चांगल्यावाइटाची निवड कशी व्हावी?

आतां पाण्याची गोष्ट. वरील प्रमाणाची वडी अमरावतीस नळाच्या पाण्यांत सुंदर फेसाळली आणि आमच्या गांवीं विहिरीवर मुकी झाली. फेस नाहीं, कपड्यावर करडा साका मात्र बसला. पूर्णेच्या खोऱ्यांत दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर या बाजूस भूगर्भांतलें पाणीच खारें आहे. जड पाण्यांतील चुन्याचे क्षार साबणास धरून त्याचा साका करतात, आणि मीठ साबणास पाण्यांत विरघळूं देत नाहीं. म्हाताऱ्या बाई म्हणाल्या तें हेंच. यावर दोन उपाय आम्हीं करून पाहिले. एक, धुण्याच्या बादलींत साबणाआधीं थोडा धुण्याचा सोडा घालावा व ढवळून कांहीं वेळ ठेवावें. चुना बहुतेक खालीं बसतो. दुसरा, खोबरेल वाढवावें, कारण खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यांतही फेस देतो. आमच्या पट्ट्यासाठीं प्रमाण असें : खोबरेल ३०० ग्रॅम, मोह १००, सरकी ५०, एरंडी ५०. भूक ८२ ग्रॅमांची, द्यावयाचा सोडा ७६ ग्रॅम, पाणी १८० ग्रॅम. ही वडी कपड्यांस व कामावरून आलेल्या हातांस उत्तम. रोज अंगास लावली तर कातडी कोरडी पाडते. पावसाळ्यांत पन्हाळीचें पाणी पिंपांत धरतां आलें तर अंगासाठीं तेंच वापरावें, मग पहिली वडीही बोलूं लागते.

कित्येक विचारतील, मास्तर, यांत पैसा वांचतो कां? सरळ उत्तर देतों. सर्व तेल बाजारांतून विकत आणाल तर कपड्यांची स्वस्त वडी तुम्हांस दुकानांतच स्वस्त पडेल. ती बहुधा तेलाची नसतेच. तें रासायनिक डिटर्जंट असतें. अहमदाबादेंत १९६९ सालीं करसनभाई पटेल या शेतकऱ्याच्या मुलानें घरीं अशी भुकटी करून सायकलीवरून दारोदार विकली, त्यांतून निरमाचा कारखाना उभा राहिला. तेव्हां त्यासही आम्ही नांव ठेवीत नाहीं. पण अंगाच्या साबणाचा हिशेब वेगळा आहे. कारखान्यांत ग्लिसरीन बहुधा काढून निराळें विकतात, घरच्या वडींत तें जागच्या जागीं राहतें. आणि ज्यांच्या बांधावर करंज-निंब आहे, ज्यांस मोहाची बी वेंचून मिळते, ज्यांच्या गांवांत घाणी अजून फिरते, त्यांचें तेल घरचेंच. प्रत्येकानें आपल्या घरचा हिशेब स्वतः मांडावा. आम्हीं मांडलेला हिशेब आमच्या घरापुरता खरा.

बचत गटाच्या भगिनींनीं एक ध्यानांत धरावें. घरच्या उपयोगास साबण करावयास कोणाची परवानगी नको. पण अंगाचा साबण विक्रीसाठीं करावयाचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आधीं वर्षभर घरांत वापरा, आपल्या हातांवर पाहा, मग दुसऱ्याच्या हातांचा विचार करा. आमच्या आईच्या हातांस दोन महिन्यांनीं पूर्ण आराम पडला. सोनाराच्या तराजूवर केलेली पहिली वडी आम्हीं तिच्यापुढें ठेवली तेव्हां तिनें ती उचलून आधीं जिभेस लावली. वरठ्याच्या घरची परीक्षा तोंवर तिच्या कानीं गेली होती.

मागें बाकावर तो तराजू मांडला आहे आणि शेजारीं मिठाचें पातेलें आहे. आज कॉस्टिक सोडा आम्हीं मुद्दामच आणला नाहीं. ज्यांस बहात्तर ग्रॅम म्हणजे केवढा ढीग हें पाहावयाचें असेल त्यांनीं आधीं मुठीनें अंदाजानें मीठ काढावें, मग तोलावें. खारपाणपट्ट्यांतून आलेल्यांनीं आपल्या विहिरीचें पाणी बाटलींत आणलें असल्यास दोन्ही प्रकारच्या वड्या तेथें आहेत. फेस कोणत्या वडीस येतो तें तेथेंच हात धुवून पाहावें. वडीवरची तारीख मात्र वाचून घ्या, मागच्या आठवड्याच्या वड्या पलीकडच्या फळीवर आहेत, त्यांस कोणी हात लावूं नये.